चिमूटभर तपकीर, मूठभर बाटली

‘तुम्हाला कसला छंद आहे हो?’ असं कुणी विचारलं, की मी जरा चाचरते. कुणी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं, कुणी नुसत्याच साड्या! मी तपकिरीच्या डब्या जमवते. हे सांगितलं की समोरची बाई हमखास पदर नाकाला लावते आणि मग खुदकन हसते. आमच्या औशात तर सुरुवातीला ‘मास्तरीणबाईंना तपकिरीचं व्यसन लागलं’ अशीच बातमी पसरली होती. एक दुकानदार तर न विचारताच पुडी बांधून द्यायला निघाला.

मैत्रिणींनो, मी तपकीर ओढत नाही. ओढायची ती माझी आजी. आमच्या घरात तिला ‘नास’ म्हणत. आजीच्या कमरेला बटवा, बटव्यात सुपारी, लवंगा, दोन-चार नाणी आणि चांदीची एक डबी. पेढ्याएवढी, गोल, चपटी. झाकणावर कमळ कोरलेलं, पण बोटं फिरून फिरून पाकळ्या पार गुळगुळीत झालेल्या. डबी उघडण्याआधी आजी झाकणावर दोन बोटांनी टक् टक् वाजवायची, म्हणजे झाकणाला चिकटलेली पूड खाली पडते. मग चिमूट, आधी डावी नाकपुडी, मग उजवी. पाठोपाठ दणदणीत शिंक आणि ‘नाथ महाराज!’ हा पुकारा. औशात नाथ संस्थान आहे ना, त्यामुळं शिंकेलासुद्धा आमच्याकडं नाथच! तिचा तो तपकिरी डाग पडलेला रुमाल धुणं हे माझं काम होतं. तेव्हा फार किळस यायची.

शाळेत असताना, बहुतेक 1974 साली, मी आजीबरोबर हैदराबादला मामाकडं गेले होते. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळं आमच्या आधीच्या पिढीला पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं. शिक्षण तिकडं, कोर्टकचेरी तिकडं, बस्त्याची खरेदीही तिकडं. मामा काचीगुड्यात राहायचा. त्यानं आम्हाला सालारजंग म्युझियम दाखवायला नेलं. तिथं जो जातो तो दोन गोष्टी बघतोच. एक ते मोठं घड्याळ. तास भरला की आतून छोटा माणूस बाहेर येतो आणि घंटेवर ठोके देतो. त्यासाठी माणसं अर्धा अर्धा तास आधीपासून जागा धरून बसतात. दुसरी ती संगमरवरी बुरख्यातली रिबेका. दगडाचाच चेहरा आणि दगडाचाच झिरझिरीत बुरखा. आजीनं तिच्याकडं बघून ‘बिचारीला घाम येत असंल’ एवढंच म्हटलं होतं.

पण आजी थबकली ती चिनी वस्तूंच्या दालनात. एका काचेच्या कपाटात इवल्या इवल्या बाटल्या मांडलेल्या. अत्तराच्या कुप्यांसारख्या, पण पोटाशी चपट्या, प्रत्येकीला रंगीत बूच. मामा म्हणाला, ‘‘आक्का, ओळख बघू काय ते? तपकिरीच्या बाटल्या आहेत!’’ आजीला ते खरंच वाटेना. ती काचेला नाक लावून बघत राहिली. मग बटव्यातून आपली डबी काढून कपाटाजवळ धरली आणि म्हणाली, ‘‘येवढ्याशा तोंडातून चिमूट निघती कशी रं?’’

मामाला सांगता आलं नाही. मला तर काहीच माहीत नव्हतं. पण तो प्रश्न डोक्यात राहिला. पुढं कितीतरी वर्षांनी, मुलं मोठी झाल्यावर, वाचनालयातून पुस्तकं आणून आणि दिसेल त्याला विचारून मी त्याचं उत्तर मिळवलं. उत्तर अगदी सोपं आहे. बुचाच्या खाली, आतल्या बाजूला, एक काडीएवढा चमचा लावलेला असतो. हस्तिदंताचा, बांबूचा नाहीतर धातूचा. बूच काढलं की चमचा पूड घेऊनच वर येतो. ती अंगठ्याच्या नखावर किंवा छोट्या बशीत घ्यायची आणि हुंगायची. आजीला हे सांगायला हवं होतं. ती असती तर म्हणाली असती, ‘‘मंजी बोटंसुद्धा खराब करायची न्हाईत व्हय!’’

तंबाखू चीनमध्ये परदेशी व्यापाऱ्यांबरोबर आला आणि तपकीर आली ती युरोपातल्या धर्मगुरूंबरोबर, राजदरबारी भेट म्हणून. युरोपात तपकीर डबीतच ठेवत, आपल्यासारखी. पण चीनच्या दमट हवेत डबीतल्या पुडीचे गोळे होऊ लागले. तिकडं औषधाच्या पुडी-गोळ्या ठेवायला लहान बाटल्या वापरायची जुनी पद्धत होती. तपकीरही औषधच समजली जायची, सर्दीवर, डोकेदुखीवर. आपल्या आज्यांचंही तेच म्हणणं असायचं, नाही का? मग बाटलीलाच घट्ट बूच बसवलं आणि तपकीर कोरडी राहू लागली. चिनी भाषेत तिचं नाव ‘बी-यान-हू’. शब्दशः अर्थ लावायचा तर नाकाच्या धुराचं भांडं!

1661 ते 1722 या काळात गादीवर असलेल्या कांगशी बादशहाला या गोष्टीचा फार शौक. त्यानं राजवाड्यातच कारखाने काढले. 1696 मध्ये काचेचा कारखाना एका जर्मन धर्मगुरूच्या देखरेखीखाली सुरू केला. बादशहा खूश झाला की सरदाराला बाटली बक्षीस. त्याचा नातू चियेनलाँग, त्याच्या काळात म्हणजे अठराव्या शतकात ही कला अगदी कळसाला पोचली. काच, चिनी माती, हस्तिदंत, मीनाकारी, सगळ्याच्या बाटल्या झाल्या. पण माझं मन अडकलं ते कठीण दगडांच्या बाटल्यांवर. जेड, अकीक, स्फटिक.

इथं जरा थांबून सांगते, कारण ही गंमत मला स्वतःला फार उशिरा कळली. आपण सहज म्हणतो ‘जेडमध्ये कोरलेली बाटली’. पण जेड कोरताच येत नाही! पोलादी सुरी ओढली तरी त्यावर ओरखडा उठत नाही. अकीक तर त्याहून कठीण. मग करायचं काय? सहाणेवर चंदन उगाळतो ना आपण, तसं उगाळायचं. दगडाहून कठीण अशी वाळू किंवा खड्याची पूड पाण्यात कालवायची, पायानं फिरवायच्या यंत्रावर लोखंडी चकती लावायची, आणि चकती व दगड यांच्यामध्ये ती पूड सोडत राहायची. झिजवते ती पूड, लोखंड नव्हे. बाहेरचा आकार असा हळूहळू येतो. पण खरी परीक्षा आतली. आधी वरून सरळ भोक पाडायचं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. मग त्या भोकातून वाकड्या तोंडाच्या लोखंडी काड्या आत घालायच्या आणि आतून पोट रिकामं करत जायचं. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं हाताच्या अंदाजावर. एका जागी जरा जास्त झिजलं की भोक! महिनोन्महिन्यांची मेहनत पाण्यात. चांगल्या कारागिराची अकीकाची बाटली इतकी पातळ असते, की पाण्यात सोडली तर तरंगते. दगड तरंगतो! रामायणात तरंगला होता म्हणतात, त्यानंतर हाच.

म्हणून बाटलीची पारख करणारी माणसं नक्षी नंतर बघतात. आधी आत डोकावतात. खांद्याजवळ, गळ्याच्या खाली दगड किती नीट काढला आहे, ते बघतात. जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथलं काम बघायचं. आमच्या सासूबाई नव्या सुनेचं स्वयंपाकघर असंच बघायच्या, ओट्याच्या वर नाही, ओट्याच्या खाली.

सूचाव गावचे कारागीर तर आणखी हुशार. अकीकात निसर्गतःच काळे-तपकिरी डाग असतात. दगड कापण्याआधी ते डाग न्याहाळत बसायचे. हा डाग म्हणजे माकड, हा घोड्यावरचा माणूस, ही फांदीवरची साळुंकी. मग बाकीचा दगड तेवढा झिजवायचा, डाग तसाच उठावात ठेवायचा. चित्र आधीच दगडात होतं, फक्त बाजूचं काढून टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, कुठला चीन आणि कुठलं औसा! पण ऐका तर. आमच्याकडच्या काळ्या रानात नांगर फिरला की तासात गारगोट्या वर येतात. लहानपणी आम्ही दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायचो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात, म्हणजे लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत, हे दगड तयार झाले. काही साध्या गारा, काही स्फटिक, आणि काही चक्क अकीक! ज्या जातीच्या दगडाच्या बाटल्या बादशहाच्या हातात गेल्या, त्याच जातीचा दगड आपण बांधावर फेकतो. सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालयच आहे, मुलांना घेऊन जरूर जा.

आणि फेकत नव्हते आपले लोकही. तेर माहीत असेलच, गोरोबाकाकांचं तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, आमच्यापासून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत बघून होतं. त्याचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय, की पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जातं, तिथून पुढं समुद्रापार. दोन हजार वर्षांपूर्वी! त्या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ होते. पुरातत्त्वाची पदवी नाही की सरकारी नोकरी नाही. गावाच्या पांढरीत सापडणारे मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे ते जमवत राहिले. हजारोंच्या संख्येनं! आज तेरमधलं शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे आणि त्याचा पाया त्यांचा संग्रह. तिथले अकीकाचे, कार्नेलियनचे मणी बघा. मुगाच्या दाण्याएवढ्या मण्याला आरपार भोक, तेसुद्धा दगडाहून कठीण काहीतरी वापरूनच. चीनची बाटली आणि तेरचा मणी, विद्या एकच.

जमवणाऱ्या माणसांबद्दल मला फार कुतूहल आहे. सालारजंग म्हणजे मीर युसूफ अली खान. यांचा जन्म पुण्याचा, 1889 चा. तेविसाव्या वर्षी निजामाचे दिवाण झाले, दोन वर्षांत ते पद सोडलं आणि मग उरलेलं आयुष्य वस्तू गोळा करण्यात घालवलं. लग्न केलं नाही. जेडचीच किती नवलं त्यांच्याकडं! नूरजहानची फळं कापायची सुरी, जहांगीरची कट्यार... 1949 मध्ये ते वारले, वारस कुणी नव्हता, आणि 1951 मध्ये त्यांच्याच देवडीत संग्रहालय उघडलं. आजची इमारत 1968 पासूनची. मला नेहमी वाटतं, घरात बायको असती तर तिनं विचारलं असतं, ‘अहो, पण हे ठेवायचं कुठं?’

पुण्याच्या काका केळकरांच्या घरात मात्र बायको होती, आणि तिनं हा प्रश्न विचारला की नाही देव जाणे! दिनकर केळकरांनी राजा नावाचा मुलगा गेल्यावर त्याच्या नावानं संग्रहालय उभं केलं. अडकित्ते, दिवे, कुंकवाच्या डब्या, दौती, स्वयंपाकाची भांडी. राजवाड्यातल्या नव्हे, आपल्या घरातल्या वस्तू. पुढं सगळा संग्रह त्यांनी सरकारला देऊन टाकला. पत्नी कमलाबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबर होत्या. फलकावर नाव काकांच्या मुलाचं, पण ते अडकित्ते घासूनपुसून कोण ठेवत असेल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

परदेशात मात्र या छंदात बायका उघडपणे पुढं दिसतात. हाँगकाँगच्या मेरी ब्लॉक आणि त्यांचे पती जॉर्ज यांनी 1983 पासून सतराशेहून जास्त चिनी बाटल्या जमवल्या. 2010 ते 2015 या काळात त्यांचे लिलाव झाले, तेव्हा एकेका बाटलीला घराच्या किमतीएवढे पैसे आले. आणि मंगोलियात तर आजही पाहुणा आला की दगडाची तपकिरीची बाटली एकमेकांच्या हाती देऊन रामराम करतात. बायकांची बाटली वेगळी, जरा लहान. तपकीर ओढायची नसली तरी बाटली घ्यायची, हुंगायची आणि मानानं परत द्यायची.

आणि आमच्या आजीची डबी? ती सांगायला मला अजूनही जड जातं.

आजी 1983 मध्ये गेली. तेराव्यानंतर बायका बसल्या, पाटल्या कुणाला, बोरमाळ कुणाला, ठुशी कुणाला, सगळं ठरलं. भांडणं झाली नाहीत, पण डोळ्यांत तेल घालून सगळ्या बसल्या होत्या. डबीचं नावही कुणी काढलं नाही. बाईमाणसाच्या व्यसनाची वस्तू, तिचा काय वाटा मागायचा? माझ्या लग्नाच्या वेळी, 1988 मध्ये, आईनं घरातली तुटकी चांदी सराफाकडं मोडीत दिली आणि मला पैंजण केले. मोठ्या हौशीनं मी ते वापरले. पुढं लेक झाली तेव्हा ते पैंजण जुनाट दिसतात म्हणून मीही मोडीत घातले आणि तिला वाळे केले. हे सगळं झाल्यावर, कितीतरी वर्षांनी, मी सहज आईला विचारलं, ‘‘आजीची ती कमळाची डबी कुणाकडं गं?’’ आई माझ्या पायांकडं बघत म्हणाली, ‘‘तुझ्याच पैंजणात नव्हती का ती!’’

मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. सराफाला तरी कसा दोष द्यायचा? त्यानं तराजूत घातली आणि वजनाचे पैसे दिले. तराजूला कमळ दिसत नाही. आणि दुसऱ्यांदा तर मीच ती वितळवली होती.

तेव्हापासून मी डब्या जमवू लागले. बाटल्या कुठून परवडणार? आणि आपल्याकडं त्या मिळणार तरी कुठं? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आहेत, हैदराबादला सालारजंगच्या आहेत. त्या तिथंच बऱ्या. मी मात्र आमच्या भागातल्या डब्या घेते. भांड्यावर कपडे घेणाऱ्या बाईकडून, मोडीच्या दुकानातून, नात्यातल्या म्हाताऱ्यांकडून. पितळी, शिंगाच्या, लाकडाच्या, एक तर बेलफळाच्या कवचाची. एक पितळी आहे तिला आरसा बसवलेला. शिंकण्याआधी तोंड बघायचं की शिंकल्यावर, ते काही कळलं नाही!

एकदा मोह झालाच. 2006 ची गोष्ट. एका मोठ्या शहरातल्या जुन्या बाजारात हिरवी चिनी बाटली दिसली. ‘जेड आहे, दीडशे वर्षांची,’ दुकानदार म्हणाला. माझ्या पर्समध्ये नुकतीच लागलेली भिशी होती. अठराशे रुपये मोजून मी बाटली घेतली आणि बसमध्ये सारखी पदराआड काढून बघत होते. घरी आल्यावर ओळखीच्या सराफानं भिंग लावलं. आत बुडबुडे! म्हणजे काच. दोन्ही बाजूंना साच्याची शिवण. हातात घेतली की खरं जेड बराच वेळ गार लागतं, ही लगेच कोमट झाली होती, पण ते तेव्हा माझ्या लक्षात कुठलं यायला! बुचाला चमचासुद्धा नव्हता. ‘हे’ काही बोलले नाहीत, फक्त पुढचा महिनाभर भाजी आणायला निघाले की विचारायचे, ‘‘खरीच भेंडी आणू ना?’’ त्या बाटलीत मी आता सुया ठेवते.

म्हणून सांगते, असं काही घ्यायचं मनात असेल तर घाई करू नका. जुन्या वस्तूचं तोंड, बूड आणि आतली बाजू बघा. खरी वापरलेली वस्तू जिथं बोट लागतं तिथंच झिजते, सगळीकडं सारखी नाही. आणि कायद्याचंही ध्यान ठेवा. 1972 चा पुराणवस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. लेक-जावई परदेशात आहेत म्हणून आजीची वस्तू बॅगेत घालून देण्याआधी चौकशी करा.

आणखी एक, तपकिरीबद्दल. मी डब्यांचं कौतुक करते, पुडीचं नाही. नाकात ओढा, हिरड्यांना चोळा नाहीतर मशेरी म्हणून दातांना लावा, तंबाखू तो तंबाखूच. मशेरीवाल्या बायकांचं तोंड उघडायला डॉक्टरांना किती सायास पडतात ते मी आमच्याच घरात पाहिलंय.

आता शेवटची डबी. माझ्या संग्रहातली एकविसावी. यांच्या एक लांबच्या आत्याबाई आहेत, किल्लारीच्या बाजूच्या गावातल्या. किल्लारी आमच्या औसा तालुक्यातलीच. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीची, माळवदाची घरं माणसांवर बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आत्याबाईंच्या घरातली तीन. आठ दिवसांनी मलबा उपसताना त्यांना सासूबाईंची पितळी तपकिरीची डबी सापडली, झाकण चेपलेलं, पण बंद. नव्या गावात, पुनर्वसनाच्या घरात, ती डबी त्यांनी देवळीत जपली होती. 2009 मध्ये मी डब्या जमवते हे त्यांना कळलं, तेव्हा स्वतः एस.टी.नं येऊन डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘‘पोरांना काय कळतंय? मोडीत घालतील. तू ठिवशील.’’

मी फार आनंदले. आणि त्याच आनंदात एक घोडचूक केली. चिंच आणि पितांबरी घेऊन डबी आतून-बाहेरून लख्ख घासली. आतला काळपट थर निघेना, तर काडीला चिंधी गुंडाळून, कोपरान् कोपरा. सोन्यासारखी चमकायला लागली. मखमलीवर ठेवून कपाटात मांडली.

पुढच्या वर्षी आत्याबाई नाथांच्या दर्शनाला औशाला आल्या. चहा झाला आणि म्हणाल्या, ‘‘दाखीव की माझी डबी.’’ मी अभिमानानं काढून दिली. त्यांनी ती हातात फिरवली, चेपलेल्या झाकणावरून अंगठा फिरवला, उघडली आणि नाकाशी नेली. बराच वेळ तशाच बसल्या.

‘‘हेच्यातला वास कुटं गेला गं माय?’’

मला बोलताच येईना. सोळा वर्षं मलब्यातून, पत्र्याच्या शेडमधून, नव्या घरातून तो वास टिकून राहिला होता. सासूबाईंचा, त्या घराचा. आणि मी तो मोरीत ओतला होता. ‘‘आत्याबाई, मी घासली हो. चुकलं माझं,’’ एवढंच कसंबसं म्हटलं.

त्या काही रागावल्या नाहीत. कमरेचा बटवा सोडला, त्यातून आपली प्लॅस्टिकची डबी काढली. दोन चिमटी तपकीर सासूबाईंच्या डबीत घातली, चेपलेलं झाकण जोर देऊन लावलं, वरून दोन बोटांनी टक् टक् वाजवलं आणि डबी माझ्या हातात दिली.

‘‘आता ठिव,’’ म्हणाल्या. ‘‘आन् घासू नगंस.’’